एक कर्नल, अनेक जेल: सेवा नेमकी कुठे ऐकते आहे?

(व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर दाखवलेले आदेश वाचनाच्या सोयीसाठी शब्दांत दिले आहेत. श्रोत्यांचे प्रश्न ज्या ठिकाणी आले त्याच ठिकाणी ठेवले आहेत.)

मागच्या वेळी आपण पूर्ण व्हर्च्युअल मशीन पाहिलं. खोटा प्रोसेसर, खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड आणि त्या सगळ्यावर स्वतःचा वेगळा कर्नल. आज त्याचा धाकटा भाऊ बघायचा आहे. यात कर्नल एकच असतो, मूळ मशीनचा. त्याच्यावर चार-पाच कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यातल्या प्रोग्रॅमला वाटत असतं की सगळं मशीन आपलंच आहे. फ्रीबीएसडीवाले याला जेल म्हणतात, सोलॅरिसवाले झोन, लिनक्सवाले कंटेनर.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला धरला, तर हा प्रकार चाळीचा. खोल्या वेगळ्या, कुलपं वेगळी, पण जिना एक, पाण्याची टाकी एक, आणि खाली बसलेला वॉचमनही एकच. भाडं कमी पडतं, जागा कमी लागते. आणि भांडणं कुठे होतात हेही चाळीत राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. जे सामाईक आहे तिथेच होतात.

आपल्या विषयात सामाईक गोष्ट आहे नेटवर्क. म्हणून आज मी सीपीयू किती द्यायचा, मेमरी किती द्यायची यात फारसा शिरणार नाही. प्रश्न एकच घेतो. जेलच्या आत चालणारी सेवा, म्हणजे वेबसर्व्हर, डेटाबेस, एसएसएच, मेल, ही नक्की कुठल्या पत्त्यावर ऐकत बसली आहे आणि तिच्यापर्यंत कोण पोचू शकतं?

थोडा इतिहास, अगदी थोडा. युनिक्समध्ये सीएचरूट ही सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे. ती काय करते? एखाद्या प्रोग्रॅमला सांगते की हे फोल्डर म्हणजेच तुझी सगळी डिस्क. पण तिला कळतं ते फक्त फाइलींचं. नेटवर्क, चालू असलेले इतर प्रोग्रॅम, रूट वापरकर्त्याची ताकद, यातलं काहीच ती अडवत नाही. फोल्डरमध्ये कोंडलेला रूट हा अजूनही रूटच असतो. मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० आली आणि तिच्याबरोबर जेल आलं. पॉल-हेनिंग कॅम्प आणि रॉबर्ट वॉटसन यांचं हे काम, आणि त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच सर्वशक्तिमान रूटला कोंडण्याची भाषा होती. त्यामागची गरज होस्टिंगची होती. एकाच मशीनवर अनेक गिऱ्हाइकं ठेवायची, प्रत्येकाला स्वतःच्या कप्प्यात रूट द्यायचा, पण शेजाऱ्याच्या कप्प्यात डोकावू द्यायचं नाही.

नेटवर्कच्या बाबतीत त्या पहिल्या जेलने निवडलेला मार्ग फार साधा होता. एका जेलला एक आयपी पत्ता. जेलमधला प्रोग्रॅम फक्त त्या पत्त्यावरून बोलणार आणि त्याच पत्त्यावर ऐकणार. वेगळं नेटवर्क कार्ड नाही, वेगळा रूटिंग तक्ता नाही, वेगळी फायरवॉल नाही. होस्टच्या कार्डावर चार पत्ते लावायचे आणि त्यातला एकेक पत्ता एकेका जेलला नेमून द्यायचा. २००९ च्या ७.२ आवृत्तीपासून एका जेलला अनेक पत्ते देता यायला लागले, पण कल्पना तीच राहिली. आजही हजारो मशीनवर जेल याच पद्धतीने चालतात, कारण सोपं आहे आणि वेगवान आहे. आज मी बराच वेळ याच साध्या प्रकारावर घालवणार आहे. गुंतागुंतीच्या प्रकारात माणूस निदान सावध असतो.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. समजा, तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था आहे. भाड्याने घेतलेला एक सर्व्हर, त्यावर फ्रीबीएसडी. होस्टचा पत्ता २०३.०.११३.१०. एका जेलमध्ये वेबसाइट आणि खातेदारांचं पोर्टल, पत्ता ११. दुसऱ्यात मेल, पत्ता १२. खातेदारांची नावं, फोन नंबर, ठेवी, कर्जाचे हप्ते, सगळं या सर्व्हरवर. सांभाळणारा माणूस एक, तोही अर्धवेळ. हे चित्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीचं असेल.

आता पहिली गंमत. बाहेरून तुम्ही ११ या पत्त्यावर एसएसएच केलं. वेब जेलमध्ये एसएसएच सेवा अजून चालूच केलेली नाही. काय व्हायला हवं? कनेक्शन नाकारलं जायला हवं. प्रत्यक्षात पासवर्ड विचारला जातो, तुम्ही आत जाता, आणि बघता तर काय, तुम्ही होस्टवर आहात! जेलमध्ये नाही, थेट चाळीच्या मालकाच्या ऑफिसात.

असं का झालं? होस्टवरची एसएसएच सेवा सुरू होताना कर्नलला म्हणते, "मशीनवरच्या सगळ्या पत्त्यांवर २२ नंबरच्या पोर्टवर मी ऐकणार." याला वाइल्डकार्ड म्हणतात. सेटिंगमध्ये ते तारांकनाने किंवा ०.०.०.० असं दिसतं. होस्टच्या दृष्टीने ११ हा पत्तासुद्धा 'मशीनवरचा पत्ता'च आहे, कारण तो होस्टच्याच कार्डावर लावलेला आहे. खालच्या वॉचमनला सांगून ठेवलंय की कुठल्याही खोलीचं पार्सल आलं की तूच घे. खोली नंबर ११ मध्ये कुणी असेल तर तो स्वतः दार उघडतो, कारण कर्नल नेमका पत्ता धरून बसलेल्या सॉकेटला आधी प्राधान्य देतो. पण खोलीत कुणी नसेल तर वॉचमन आहेच.

यातली खरी अडचण लक्षात घ्या. जेलमधली सेवा चालू आहे तोवर सगळं ठीक दिसतं. ती ज्या रात्री बंद पडते त्या रात्री होस्टची सेवा तिच्या जागी उत्तर द्यायला लागते. समजा दोन्हीकडे वेबसर्व्हर आहे. जेलमधला पडला, तर खातेदाराच्या ब्राउझरला होस्टवरचं पान दिसेल, तेही कदाचित अंतर्गत कामासाठी ठेवलेलं. आणि देखरेखीचा प्रोग्रॅम, जो दर मिनिटाला "८० नंबरचं पोर्ट उघडं आहे का?" एवढंच विचारतो, तो म्हणेल सगळं व्यवस्थित आहे.

म्हणून जेल बांधायला घेण्याआधीचं पहिलं काम होस्टवर आहे. होस्टवरच्या प्रत्येक सेवेला तिचा पत्ता नेमून द्यायचा. एसएसएचच्या सेटिंगमध्ये लिसन-अ‍ॅड्रेस ही ओळ असते, तिथे १० हा पत्ता लिहायचा. सिसलॉगला दोन एस असलेला पर्याय द्यायचा, म्हणजे तो नेटवर्कचं सॉकेट उघडतच नाही. आयनेटडी वापरत असाल तर त्यालाही पत्ता बांधून द्यायचा. आरपीसीबाइंड, माउंटडी अशा एनएफएसच्या कुटुंबातल्या सेवांना एका पत्त्यावर बांधणं कठीण जातं, असं जेलचं मॅन्युअलच बजावतं. माझं मत विचाराल तर जेल चालवणाऱ्या होस्टवर एनएफएस सर्व्हर ठेवूच नये. होस्ट जितका रिकामा तितका बरा. एसएसएच, घड्याळ, फायरवॉल, बॅकअप. बास.

(प्रश्न: होस्टवर काय काय ऐकतंय हे एका ठिकाणी कसं बघायचं?)

सॉकस्टॅट. फ्रीबीएसडीत हा आदेश मुळातच असतो, काही टाकावं लागत नाही. ऐकणारी सॉकेट दाखव म्हणून सांगितलं की प्रत्येक ओळीत वापरकर्ता, प्रोग्रॅमचं नाव, प्रोसेस नंबर आणि पत्ता-पोर्ट येतो. जेलच्या नंबराने गाळूनही पाहता येतं. होस्टच्या प्रोग्रॅमच्या ओळीत पत्त्याच्या जागी तारांकन दिसलं, की तो तुमचा वॉचमन. हा आदेश मी आज परत परत घेणार आहे, कारण सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही काय *लिहिलं* ते एक, आणि कर्नलने काय *केलं* ते दुसरं. सॉकस्टॅट दुसरं सांगतो.

आणि या दोन्हींत फरक पडतो तो कसा, ते आता बघू. आजच्या व्याख्यानात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

तुमच्या वेब जेलमध्ये रेडिस आहे. लॉगिन केलेल्या खातेदारांची सत्रं त्यात साठवली जातात. रेडिसला फक्त त्याच जेलमधलं पोर्टल बोलणार, बाहेरच्या कुणाचा संबंध नाही. म्हणून शहाण्या माणसासारखं तुम्ही सेटिंगमध्ये लिहिता: १२७.०.०.१ वर ऐक. म्हणजे लूपबॅक, म्हणजे 'मी स्वतः'. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, आणि साध्या मशीनवर ते शंभर टक्के बरोबर आहे. पासवर्ड कशाला, बाहेरून कुणी येऊच शकत नाही.

पण साध्या जेलमध्ये १२७.०.०.१ अस्तित्वातच नाही! लूपबॅक होस्टचं आहे. जेलला फक्त ११ हा पत्ता दिलाय. मग प्रोग्रॅमने १२७.०.०.१ मागितलं की कर्नल काय करतो? तो चूक दाखवत नाही. चूक दाखवली असती तर निम्मे प्रोग्रॅम जेलमध्ये सुरूच झाले नसते, कारण लूपबॅक असतंच असं सगळे गृहीत धरतात. तर कर्नल गुपचूप पत्ता बदलतो आणि जेलच्या यादीतला पहिला पत्ता देतो. पहिला पत्ता कुठला? २०३.०.११३.११. जगाला दिसणारा. तुमचं रेडिस आता इंटरनेटवर ऐकत बसलं आहे, विनापासवर्ड, आणि सेटिंगची फाइल उघडून पाहिलीत तर ती अजूनही म्हणते १२७.०.०.१.

(थोडा वेळ शांतता, मग प्रश्न: म्हणजे ही कर्नलमधली चूक नाही का?)

नाही, ही जाणूनबुजून केलेली सोय आहे आणि जेलच्या आतून पाहिलं तर तिला तर्कही आहे. आतल्या प्रोग्रॅमने 'मी स्वतः' म्हटलं, आणि जेलचं 'स्वतः' म्हणजे तो एक पत्ता. दोन्ही टोकांना तीच अदलाबदल होते, त्यामुळे आतल्या आत बोलणं अगदी नीट चालतं. तक्रार कुणाची येत नाही, त्यामुळे शंकाही येत नाही. फक्त 'स्वतः' या शब्दात 'खाजगी' हा अर्थ आपण मनाने घातलेला असतो, आणि तो इथे गळून पडतो.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे सापडलेले मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पुसले गेले आणि त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. ते जेलमुळे झालं नव्हतं. बहुतेक ठिकाणी पासवर्ड नसलेला डेटाबेस सरळ सगळ्या पत्त्यांवर ऐकत होता. पण उघड्या पोर्टची वाट बघत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात, आणि तुमचं पोर्ट आळसामुळे उघडं राहिलं की कर्नलच्या सौजन्याने, हे त्यांना विचारायचं नसतं. त्याच वर्षी मोंगोडीबीने ३.६ आवृत्तीपासून मूळ सेटिंगच लोकलहोस्टवर आणलं. रेडिसने त्याआधी, २०१६ च्या ३.२ मध्ये, संरक्षित मोड आणला होता. पण त्या आवृत्तीतला हा मोड तुम्ही पत्ता स्वतःहून लिहिलेला नसेल तेव्हाच आड येतो. तुम्ही १२७.०.०.१ लिहिलंत म्हणजे तुम्हाला कळतंय काय करताय ते, असं तो धरून चालतो. म्हणजे आपल्या पतसंस्थेत काळजीपूर्वक लिहिलेल्या त्या एका ओळीनेच दुसरं कुलूपही काढलं.

पोस्टग्रेसमध्ये याचंच वेगळं रूप दिसतं. तिथे कुठल्या पत्त्यावरून आलेल्याला आत घ्यायचं याची वेगळी फाइल असते आणि तिच्यात १२७.०.०.१ ची ओळ आधीपासून असते. जेलमध्ये पोर्टल डेटाबेसला बोलायला जातं तेव्हा पोस्टग्रेसला येणारा पत्ता ११ दिसतो. यादीत ११ नाही, म्हणून तो नकार देतो. इथवर उत्तम. पण रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी पोर्टल चालू हवंय, आणि कुणीतरी त्या फाइलीत ०.०.०.०/० लिहून मोकळा होतो. चाललं! पोर्टल चाललं आणि सगळ्या जगाला दारही उघडलं.

उपाय काय? तीन सांगतो, मला आवडणाऱ्या क्रमाने.

एक. दोन्ही प्रोग्रॅम एकाच जेलमध्ये असतील तर नेटवर्क वापरूच नका. युनिक्स सॉकेट वापरा, म्हणजे डिस्कवरची एक फाइल. पोस्टग्रेस, रेडिस, मायएसक्यूएल, सगळ्यांना ते येतं. पत्ता नाही, पोर्ट नाही, तर चुकीच्या पत्त्यावर ऐकण्याचा प्रश्नच नाही. आणि कुणी बोलायचं हे फाइलच्या परवानग्यांनी ठरतं. लोक हा मार्ग का विसरतात मला कळत नाही.

दोन. होस्टवर लूपबॅकची आणखी एक प्रत करा, लो-वन नावाने. तिच्यावर खाजगी पत्ते लावा, समजा १०.०.०.११ आणि १०.०.०.१२. जेलला फक्त हा खाजगी पत्ता द्या. सार्वजनिक पत्ता होस्टकडेच राहतो, आणि होस्टची पीएफ फायरवॉल बाहेरून आलेलं ८० आणि ४४३ एवढंच आत वळवते. आता आतल्या प्रोग्रॅमने १२७.०.०.१ म्हणू दे नाहीतर तारांकन म्हणू दे, तो १०.०.०.११ वरच बसणार, आणि जे तुम्ही वळवलेलं नाही ते बाहेरून दिसणारच नाही. मात्र शेजारच्या जेलला ते दिसतं, हे विसरू नका. मेलचं जेल फुटलं तर तिथून १०.०.०.११ वर पोचता येतं. त्यासाठी पीएफमध्ये लो-वनवरही नियम लिहावे लागतात, आणि बरेच जण लूपबॅकला सरसकट सूट देऊन बसलेले असतात.

तीन. व्हीनेट. झाग्रेब विद्यापीठातल्या मार्को झेक यांच्या कामातून हे आलं. जेलला स्वतःचा पूर्ण नेटवर्कचा संसार मिळतो. स्वतःचं लूपबॅक, स्वतःचा रूटिंग तक्ता, हवी तर स्वतःची फायरवॉल. ८.० मध्ये प्रायोगिक म्हणून आलं, आणि २०१८ अखेरच्या १२.० पासून नेहमीच्या कर्नलमध्ये आधीपासून चालू मिळतं. यात ईपेअर नावाची जोडी वापरतात. केबलची दोन टोकं समजा, एक होस्टच्या ब्रिजला लावायचं, दुसरं जेलच्या आत टाकायचं. इथे १२७.०.०.१ म्हणजे खरोखर १२७.०.०.१. मग हाच पहिला उपाय का नाही? कारण आता प्रत्येक जेल म्हणजे सांभाळायला एक वेगळं मशीन. आतलं लूपबॅक उठवायचं, गेटवे सांगायचा, फायरवॉलचे नियम दोन जागी. एका अर्धवेळ माणसाला ते पेलेल का, हा प्रश्न आहे. पंचवीस जेल असतील आणि वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची असतील तर मात्र व्हीनेटच.

(प्रश्न: आम्ही ऑफिसात डॉकर वापरतो. तिथेही असंच होतं का?)

बरं झालं विचारलंत. तिथे गंमत उलटी आहे. लिनक्सच्या कंटेनरला नेटवर्क नेमस्पेस मिळते. तिची सुरुवात २००८ च्या २.६.२४ कर्नलपासून झाली आणि स्वभावाने ती व्हीनेटसारखी आहे. प्रत्येक कंटेनरचं लूपबॅक वेगळं. त्यामुळे कंटेनरमधली सेवा १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर तुम्ही पोर्ट बाहेर काढलंत तरी तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. मग लोक शोधतात, उत्तर सापडतं की आत ०.०.०.० लिहा, आणि कंटेनरच्या *आत* ते योग्यच आहे. पण हाताला सवय लागते. तोच माणूस उद्या होस्टवर थेट डेटाबेस टाकतो आणि तिथेही ०.०.०.० लिहितो.

दुसरं म्हणजे पोर्ट बाहेर काढण्याची ओळ. ८०८० दोनबिंदू ८० असं लिहिलं की डॉकर ते होस्टच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतो. आणि तुमची फायरवॉल? उबुंटूवर बरेच जण यूएफडब्ल्यू वापरतात. ८०८० बंद, असा नियम लिहिलेला असतो, आदेश विचारला तर बंद असंच सांगतो, आणि बाहेरून ते उघडं असतं! कारण डॉकर आपले नियम पत्ताबदलाच्या तक्त्यात लिहितो. पॅकेट तिथेच कंटेनरकडे वळतं, आणि यूएफडब्ल्यू ज्या साखळीत पहारा देत असतो तिथे ते जातच नाही. डॉकरच्या स्वतःच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलं आहे. उपाय सोपा आहे. पोर्ट काढताना पुढे पत्ता लिहा: १२७.०.०.१ दोनबिंदू ८०८० दोनबिंदू ८०. म्हणजे ते होस्टच्या लूपबॅकवरच उघडेल आणि पुढे वेबसर्व्हर त्याला बाहेर आणेल. आणि दोन कंटेनरनी आपसात बोलायचं असेल तर पोर्ट बाहेर काढायची गरजच नसते, एकाच अंतर्गत नेटवर्कवर ठेवा. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त फायलींमध्ये डेटाबेसचं पोर्ट विनाकारण बाहेर काढलेलं असतं.

तर लक्षात घ्या, १२७.०.०.१ हे तेच आकडे, पण साध्या जेलमध्ये त्यांचा अर्थ एक, व्हीनेटमध्ये दुसरा, डॉकरच्या आत तिसरा, डॉकरच्या बाहेर चौथा. आकडे बघून अर्थ ठरवता येत नाही.

आता सेवा चालू-बंद करण्याकडे वळू. इथे सोलॅरिसचं नाव घ्यायलाच हवं. २००५ मध्ये सोलॅरिस १० आली तेव्हा झोन आणि एसएमएफ, म्हणजे सेवा सांभाळणारी यंत्रणा, दोन्ही एकत्र आले. प्रत्येक झोनमध्ये स्वतःचं एसएमएफ. कुठली सेवा कुठल्या सेवेवर अवलंबून आहे हे त्याला माहीत असतं. सेवा मेली तर तो उठवतो, लागोपाठ मेली तर हात वर करून तिला देखभालीच्या अवस्थेत टाकतो, आणि एसव्हीसीएस आदेशाला एक्स पर्याय दिला की ती का बंद आहे हे माणसाच्या भाषेत सांगतो. पुढे २००६ च्या नोव्हेंबरच्या आवृत्तीत त्यांनी एक पर्याय आणला: मशीन बसवतानाच एसएसएच सोडून बाकी नेटवर्क सेवा बाहेरच्यांसाठी बंद. आज हे सगळ्यांना साहजिक वाटतं. त्या काळी नवीन मशीनवर टेलनेट, एफटीपी, फिंगर, सगळे दार उघडून बसलेले असायचे.

फ्रीबीएसडीचं आरसी त्यामानाने साधंभोळं आहे. सेवा सुरू करतं आणि पुढे निघून जातं. मेली तर मेली. होस्टवरून जेलमधली सेवा हाताळता येते, सर्व्हिस आदेशाला जे पर्याय आणि जेलचं नाव द्यायचं. आत जाऊन बसायची गरज नाही. जेल कुठल्या क्रमाने उठायचे हेही सांगता येतं. जेलच्या सेटिंगमध्ये डिपेंड असं लिहिलं की आधी डेटाबेसचं जेल, मग वेबचं. पण 'जेल सुरू झालं' याचा अर्थ 'डेटाबेस उत्तर द्यायला तयार झाला' असा होत नाही. वीज गेल्यानंतर डेटाबेस आपल्या नोंदी तपासत बसलेला असतो, आणि तोवर पोर्टल येऊन, नकार खाऊन, मरून गेलेलं असतं. पोर्टलनेच थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायला शिकलं पाहिजे. क्रम लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण डेटाबेस दुपारी चार वाजताही पडू शकतो.

काही सेवा जेलमध्ये ठेवायच्याच नसतात. घड्याळ जुळवणारी एनटीपी ही पहिली. घड्याळ कर्नलचं, कर्नल एकच, आणि नेहमीच्या जेलला घड्याळाला हात लावू देत नाहीत. होस्टवर एकदा चालवा, सगळ्यांची वेळ जुळते. पीएफचंही तसंच, साध्या जेलमध्ये आतून फायरवॉल हाताळता येत नाही. रात्रीची नेमाची कामं मात्र प्रत्येक जेलमध्ये असतात, आणि मूळ वेळापत्रकात ती सगळीकडे पहाटे ३ वाजून १ मिनिटाला लागतात. वीस जेल असतील तर वीसही जण एकदमच डिस्कवर फाइली मोजायला निघतात. पहाटे तीनला सर्व्हर हळू होतो अशी तक्रार आली तर आधी हे बघा. चाळीत सगळ्यांनी एकाच वेळी नळ सोडला की दुसरं काय होणार.

(प्रश्न: जेलमधून पिंग चालत नाही. नेटवर्क बिघडलंय असं समजायचं का?)

नाही. पिंगला रॉ सॉकेट लागतं आणि जेलला ते आधीपासून मिळत नाही. रॉ सॉकेटवरून खोट्या पत्त्याची पॅकेटं बनवता येतात, म्हणून. परवानगी देता येते, पण फक्त पिंगसाठी देऊ नका. तपासायचं असेल तर ज्या पोर्टशी काम आहे त्या पोर्टलाच जोडून बघा, एनसी आदेशाने. नाव-पत्ता सापडत नसेल तर जेलच्या आतली रिझॉल्व्ह फाइल बघा. ती होस्टकडून आपोआप येत नाही, आणि तिच्यात १२७.०.०.१ लिहिलं असेल तर त्याचं काय होतं हे आता तुम्हीच मला सांगाल.

(हशा. मग शेवटचा प्रश्न: हे सगळं बरोबर केलंय याची खात्री कशी करायची? आणि आयपीव्ही६ चं काय?)

तीन जागी उभं राहून बघायचं. होस्टवर सॉकस्टॅट, जेलच्या नंबरांसकट. तिथे रेडिससमोर १२७.०.०.१ ऐवजी सार्वजनिक पत्ता दिसला तर त्याच क्षणी कळतं. मग जेलच्या आतून तेच. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण बाहेरून. घरच्या इंटरनेटवरून, त्या सर्व्हरशी कसलंही नातं नसलेल्या मशीनवरून एनमॅप चालवा, आपल्या मालकीच्या पत्त्यांवरच, आणि सगळ्या ६५,५३५ पोर्टांवर. एनमॅपला काही सांगितलं नाही तर तो नेहमीची हजार पोर्टच बघतो. आणि हे एकदा जेलमधल्या सेवा चालू असताना करा, एकदा त्या मुद्दाम बंद करून करा. बंद केल्यावरही २२ किंवा ८० उत्तर देत असेल, तर खालचा वॉचमन अजून पार्सलं घेतोय.

आयपीव्ही६ साठी जेलमध्ये वेगळी ओळ असते आणि तिला तीन किमती देता येतात: इनहेरिट, न्यू, डिसेबल. इनहेरिट म्हणजे होस्टचे सगळे पत्ते वापरायची मुभा, वेगळेपणा गेला. न्यू म्हणजे यादीत दिलेलेच पत्ते. वापरायचं नसेल तर डिसेबल, स्पष्ट लिहा. आणि एनमॅप सहाच्या पत्त्यावरही चालवा, त्याला वेगळा पर्याय द्यावा लागतो. पीएफचे नियम फक्त चारच्या पत्त्यांसाठी लिहिलेले आणि सहाचं दार सताड उघडं, असे सर्व्हर आजही भरपूर आहेत.